एमआरआय नॉर्मल आला आणि माझी रांगोळी बारीकच होत राहिली

तिसरीच्या वर्गातला एक मुलगा मागच्या बाकावरून सारखं म्हणायचा, बाई फळ्यावरचं दिसत नाही. मी त्याला दुसऱ्या बाकावर आणून बसवला, तरी त्याचं तेच, मग मी त्याच्या आईला शाळेत बोलावून सांगितलं की याचे डोळे तपासून घ्या, नंबर लागला असेल. ती बिचारी दिवसाची मजुरी बुडवून त्याला म्हापशाला घेऊन गेली, डोळे एकदम ठीक निघाले. तेव्हासुद्धा माझ्या डोक्यात आलं नाही की पोराच्या डोळ्यांत काही नाही, माझंच अक्षर गेलंय. ओळ सुरू करताना अक्षर नेहमीसारखं असायचं आणि ओळ संपेपर्यंत बारीक होत होत एकमेकांत घुसलेलं असायचं. ही जुलै २०२३ ची गोष्ट. त्या आईची मी नंतर जाऊन माफी मागितली, पण ती गोष्ट मनातून जात नाही म्हणून आधी तीच लिहिली.

मी गोव्यात डिचोली तालुक्यातल्या एका गावात मराठी प्राथमिक शाळेत शिकवते, वय आता ५६. फेब्रुवारी २०२४ मध्ये मला पार्किन्सन्सचं, म्हणजे कंपवाताचं, निदान झालं. त्याच्या आधीचं दीड वर्ष कसं गेलं ते मला सविस्तर सांगायचंय, कारण त्या दीड वर्षात माझ्यासमोर सगळं होतं आणि कोणालाच, मलाही, ते दिसलं नाही.

सुरुवात खांद्यापासून झाली. २०२२ च्या चवथीला, म्हणजे गणेश चतुर्थीला, माटोळीला (गणपतीच्या वर टांगायची फळाफुलांची चौकट) सामान बांधताना उजवा हात वर जाईना. दरवर्षी मी आणि माझी जाऊ मिळून बांधतो, नारळ, सुपाऱ्यांचे घोस, तोरिंगां, कांगलां अशी फळं, सगळं. त्या वर्षी मी खालून नुसतं देत राहिले. हाडांच्या डॉक्टरांनी एक्सरे काढला, फ्रोझन शोल्डर म्हणाले, या वयात बायकांना होतो, शिवाय थोडी शुगरची हिस्टरी होती घरात, तर सगळ्यांना ते पटलं. आठ महिने शेक, मशीन, भिंतीवर बोटं चढवायचा व्यायाम. दुखणं थोडं कमी झालं पण हात जड तो जडच. आदोळीवर, म्हणजे विळीवर, बसून नारळ खोवायला मला पाच मिनिटं लागायची तिथे पंधरा लागायला लागली. साडीच्या निऱ्या, ब्लाऊजची हुकं, भाताचे पेजेतले गोळे मोडणं, प्रत्येक ठिकाणी हात मागे राहायचा. दुखत म्हणून नव्हे, नुसता हळू. हे दोन वेगळे आहेत हे मला तेव्हा कोणी सांगितलं असतं तर बरं झालं असतं. खांदा आखडणं ही पार्किन्सन्सची एक सुरुवातीची खूण असू शकते हे मला दीड वर्षाने कळलं.

आणि रांगोळी. तुळशीपुढे रोज सकाळी रांगोळी घालते मी, लग्न होऊन आले तेव्हापासून. चिमटीतून पीठ सोडताना अंगठा आणि तर्जनी सारखी थोडी उघडायची थोडी मिटायची, ते हातालाच माहीत असतं, आपण काही विचार करून करत नाही. ते बंद पडायला लागलं. रेघ सुरू व्हायची ती जाड, मग बारीक, मग चिमूट मिटूनच राहायची आणि पीठ येईना. मी म्हटलं पीठ ओलं असेल, पावसाळा आहे. पाऊस गेला तरी तेच. ठिपके पंधरा बाय पंधराचे मांडायचे ते सात बाय सात वर आले, आणि मला ते कळलंसुद्धा नाही, जावेने एकदा विचारलं, "रांगोळी इतली ल्हान कित्याक गो?" तेव्हा मी खाली बघितलं.

मग ऑगस्ट २०२३ मध्ये आमच्या फॅमिली डॉक्टरांनी मेंदूचा एमआरआय करायला सांगितला. केला. रिपोर्टमध्ये लिहिलं होतं की लक्षणीय दोष नाही. घरात असा आनंद झाला की सांगता सोय नाही. सासूबाईंनी देवाला नारळ ठेवला, नवऱ्याने साखर वाटली, भावाचा मुंबईहून फोन, ताई सुटलीस बघ. मीही रडले त्या दिवशी, सुटल्यासारखं वाटून. रिपोर्ट दाखवायला गेलो तर डॉक्टरांनी फाइल मिटून सांगितलं की मेंदू ठीक आहे, हे मेनोपॉजचं आणि टेन्शनचं आहे, मन रमवा. मन रमवायला मी सहा महिने घालवले. हात काही रमला नाही. त्या सहा महिन्यांत मी स्वतःलाच दोष देत होते की मीच आळशी झालेय, मीच मनाने खचलेय, आणि तो त्रास हाताच्या त्रासापेक्षा मोठा होता.

शेवटी शाळेतल्याच एका सहशिक्षिकेने मला हाताला धरून बांबोळीला, सरकारी मेडिकल कॉलेजच्या इस्पितळात नेलं, नवराही बरोबर आला. कदंबच्या बसने पणजी, तिथून बांबोळी, सकाळी सातला घर सोडलं तेव्हा ओपीडीत साडेनऊला नंबर लागला. न्यूरॉलॉजीच्या डॉक्टर बाई होत्या, माझ्यापेक्षा वीस वर्षांनी तरी लहान. मी फाइल पुढे केली तर त्यांनी ती बाजूला ठेवली आणि म्हणाल्या, आधी तुम्ही दारापर्यंत चालून या बघू. मी गेले आणि आले. त्या माझ्या तोंडाकडे बघतच नव्हत्या, हाताकडे बघत होत्या. म्हणाल्या, "मॅडम, तुमचा डावा हात हलतोय, उजवा शरीराला चिकटून राहिलाय." नवरा माझ्याबरोबर ३१ वर्षं चालतोय, त्यालाही ते तेव्हाच दिसलं.

मग खुर्चीत बसवून त्यांनी अंगठा आणि तर्जनी उघडायला मिटायला सांगितलं, जमेल तितकं मोठं आणि भरभर. डाव्या हाताने छान झालं. उजव्या हाताने पहिले चार-पाच मोठे आले, पुढचे छोटे, मग आणखी छोटे, मग मध्येच अडकल्यासारखं, आणि दहाव्याला बोटं जेमतेम उघडत होती. माझ्या पोटात गोळा आला. हे मी रोज तुळशीपुढे बघत होते. हीच ती रेघ होती. नुसतं हळू होणं नव्हे, तर करता करता आकार लहान लहान होत जाणं ही या आजाराची मुख्य खूण, आणि अक्षर बारीक होणं हेही त्याच घरातलं. मग माझं मनगट धरून फिरवलं, दुसऱ्या हाताने हवेत गोल काढायला लावून, तर उजवं मनगट खटक खटक अडकत फिरलं, दातेरी चाकासारखं. मग हात मांडीवर सैल सोडून १०० मधून सात सात वजा करायला सांगितले. ९३, ८६, ७९, इथपर्यंत आले आणि नवरा म्हणाला अगं अंगठा बघ. अंगठा तर्जनीवर आपोआप घासत होता, जपमाळ ओढल्यासारखा. मी थांबवला की थांबायचा, आकडे सुरू केले की परत सुरू. मागे उभं राहून त्यांनी खांद्याला झटका देऊन मला मागे ओढलंही, पडते का बघायला, तिथे मी सावरले.

प्रश्नही असे विचारले की मला वाटलं यांना आमच्या घरातलं कसं माहीत. वास येतो का? तर दोन वर्षं मला काजूच्या हंगामात बोंडांचा वास आला नव्हता. ज्यांनी मार्च-एप्रिलमध्ये आमच्याकडचं गाव बघितलंय त्यांना कळेल की हे केवढं, अख्ख्या वाड्यावर तो वास बसलेला असतो, आणि मी कोविडमुळे गेला असेल म्हणून सोडून दिलं होतं. पोट साफ होतं का? नाही, कित्येक वर्षांपासून. झोपेत ओरडता का, हातपाय मारता का? याचं उत्तर नवऱ्याने दिलं, त्याला एकदा चांगला गुद्दा बसला होता. डॉक्टरांनी सांगितलं की स्वप्न पडत असताना मेंदू शरीराचे स्नायू बंद ठेवतो, ते बंद ठेवणारी जागा मेंदूच्या देठात खाली असते आणि पुष्कळ लोकांत आजार तिथून आणि वासाच्या केंद्रापासून वर चढत येतो, हाताला पोचायच्या आधी कित्येक वर्षं. २००३ मध्ये ब्राक नावाच्या जर्मन शास्त्रज्ञांनी मृत व्यक्तींचे मेंदू तपासून हा चढता क्रम मांडला. सगळ्यांत तोच क्रम असतो असं नाही, पण माझ्याबाबतीत तो जुळला.

आणखी एक प्रश्न, हा सगळ्यांनी लक्षात ठेवा. पित्ताच्या, उलटीच्या, चक्करच्या कुठल्या गोळ्या चालू आहेत का? लेव्होसल्पिराइड, मेटोक्लोप्रमाइड, फ्लुनारिझिन अशी काही औषधं बरेच दिवस घेतली तर हुबेहूब पार्किन्सन्ससारखं होऊ शकतं, आणि गोळी थांबवली की बहुतेकांत ते हळूहळू उतरतं. लेव्होसल्पिराइड तर अॅसिडिटीच्या काही कॅप्सूलमध्ये मिसळलेलं असतं, लोक वर्षानुवर्षं फार्मसीतून आणून खातात. मी घेत नव्हते. घेत असते तर बरं, असं तेव्हा वाटून गेलं.

मग मी तो माझा लाडका एमआरआय काढला. म्हटलं डॉक्टर, पण हा नॉर्मल आहे ना. त्यांनी केसपेपर उलटा केला आणि पेनाने मेंदूचं देठ काढलं, आडवा काप, आणि त्यात दोन बाजूंना दोन काळे पट्टे भरले. याला सबस्टॅन्शिया नायग्रा म्हणतात, म्हणजे सरळ सरळ काळा पदार्थ, कारण तिथल्या पेशींत एक काळं रंगद्रव्य साठत जातं. या पेशी डोपामिन, म्हणजे मेंदूत निरोप पोचवणारं एक रसायन, बनवतात आणि त्यांचे लांब धागे वर पुटामेन नावाच्या भागात जातात, जिथे हालचाल किती मोठी, किती वेगाने, हे ठरतं. पार्किन्सन्समध्ये आल्फा सिन्युक्लिन नावाचं प्रथिन पेशीत गोळा होऊन गाठी बनतात, आधी धाग्यांची टोकं सुकतात आणि मग पेशी. हात हळू झालेला कळेपर्यंत यातल्या निम्म्याच्या आसपास पेशी गेलेल्या असतात, आणि पुटामेनमधलं डोपामिन त्याहूनही जास्त घटलेलं असतं. डाव्या बाजूचा पट्टा उजवा हात चालवतो, म्हणून माझं एकाच बाजूला. आजार एका बाजूने सुरू होणं हेही याचं लक्षण, दोन्ही बाजूंनी एकदम सारखं झालं असतं तर त्यांना दुसरी शंका आली असती.

"आता हे मशीनवर का नाही दिसलं?" मी विचारलं. त्या म्हणाल्या, एखाद्या घराचा बाहेरून फोटो काढला तर कौलं, भिंती, अंगण सगळं जागच्या जागी दिसेल, आत किती माणसं उरलीत ते दिसणार नाही. पट्टा मुळात काही मिलिमीटर जाडीचा, त्यातल्या पेशी गेल्या तरी जागा तशीच राहते. साधा एमआरआय दुसरं काही नाही ना हे बघायला असतो, म्हणजे लहान लहान स्ट्रोक, मेंदूत साठलेलं पाणी, गाठ, किंवा पार्किन्सन्ससारखे दिसणारे पण वेगळे आजार. शेकडो लोकांचे स्कॅन एकत्र करून सरासरी काढली तर सुरुवातीच्या रुग्णांतही काही ठिकाणी मेंदूची साल किंचित पातळ, नायग्राच्या मागच्या भागात पेशींबाहेरचं पाणी वाढलेलं असे फरक संशोधकांना सापडतात, पण एका माणसाच्या फिल्मवर नजरेने बघून ते कळत नाहीत. म्हणजे माझा रिपोर्ट खोटा नव्हता. आम्ही तो चुकीचा वाचला. "मेंदूत दुसरा आजार नाही" असं त्यात होतं आणि आम्ही "आजारच नाही" असं वाचून साखर वाटली.

निदान त्यांनी तिथेच सांगितलं, हात बघून. हालचाल हळू आणि लहान होत जाणं, त्याबरोबर ताठरपणा किंवा आरामात असतानाचा कंप, यावरच ठरतं. सध्या एका बाजूपुरतं आहे म्हणजे पहिली पायरी. गोळी लगेच लिहून दिली. पण मला पटेना. आता हे ऐकून काहींना वाटेल की शिक्षिका असून असं काय, पण सहा महिने मला सांगितलं गेलं होतं की हे सगळं तुमच्या मनात आहे, तर मला माझ्या डोळ्यांनी बघायचं होतं की ते मनात नाही, मेंदूत आहे. डॉक्टर म्हणाल्या, उपचाराला गरज नाही, पण तीन टेस्लाच्या, म्हणजे जास्त ताकदीच्या चुंबकाच्या एमआरआय मशीनवर एक वेगळा सिक्वेन्स, म्हणजे चित्र काढायची वेगळी पद्धत, असतो, हवा तर करू.

केला. बांगड्या, मंगळसूत्र, पिना सगळं काढून आत सरकवलं. पहिल्या एमआरआयला हात गप्प होता, या वेळी त्या ठोक ठोक आवाजात अंगठा सुरू झाला आणि माइकवरून आवाज आला, मॅडम हलू नका. मी हलत नव्हते हो. मी उजवा हात मांडीखाली दाबला आणि तुळशीची आरती मनात म्हणत पडून राहिले.

रेडिऑलॉजिस्ट चांगले होते, दुसऱ्या कोणाचा नाव झाकलेला निरोगी स्कॅन शेजारी लावून त्यांनी मला दाखवलं. निरोगी माणसाच्या त्या काळ्या पट्ट्याच्या मागच्या टोकाला मध्ये एक पांढुरका ठिपका असतो, त्यामुळे पट्टा तिथे दुभंगल्यासारखा दिसतो, भिंगरी पक्ष्याच्या शेपटीसारखा. २०१४ पासून त्याला तेच नाव पडलंय, भिंगरीची शेपटी. आमच्या शाळेमागच्या शेतावरच्या तारांवर थंडीत भिंगऱ्या ओळीने बसतात, मुलांना मीच दाखवते की शेपूट बघा कशी कात्रीसारखी. माझ्या स्कॅनमध्ये डावीकडे शेपटीच नव्हती. नुसता एकसारखा काळा पट्टा. उजवीकडेही पुसटच होती, म्हणजे ज्या बाजूचा माझा डावा हात अजून चांगला चालतोय, तिथेही सुरू झालंय. त्यांनी सांगितलं की ही खूण शंभर टक्के नाही, कधी फसवतेही, डॉक्टरांच्या तपासणीला जोड म्हणून धरायची. मी मान हलवली. मला भीती वाटली, आणि खरं सांगते, त्याच वेळी छातीवरचं एक ओझंही उतरलं.

गोळीचं सांगते. सिंडोपा ११० अर्धी, दिवसातून तीनदा, जेवणाआधी अर्धा तास. डोपामिन थेट दिलं तर रक्तातून मेंदूत शिरत नाही, म्हणून त्याचा कच्चा माल, लेव्होडोपा देतात, आणि तो वाटेतच खर्च होऊ नये म्हणून सोबत कार्बिडोपा. पहिले दहा दिवस मळमळलं. प्रथिनं याच गोळीच्या वाटेत येतात, तर नवऱ्याने घाबरून हुमण, म्हणजे माशांची आमटी, बंद करायला काढलं, डॉक्टरांनी हसून सांगितलं की मासे खा, फक्त गोळी आणि ताट यात अंतर ठेवा. लोहाच्या गोळ्यांपासूनही अंतर. शेजारच्या काकींनी खाजकुइलीचं चूर्ण आणून दिलं, त्यात लेव्होडोपा असतं हे खरंच आहे, आयुर्वेदात कंपवातावर ती वापरतात, पण मात्रा किती पोटात जातेय हे कळत नाही आणि वर ही गोळी चालू, म्हणून डॉक्टरांनी स्वतःच्या मनाने घेऊ नका म्हटलं. काकींना मी तसंच सांगितलं, त्यांना वाईट वाटलं असणार.

चौथ्या आठवड्यात एका सकाळी नारळ खोवता खोवता माझ्या लक्षात आलं की वाटी रिकामी झालीय. एवढंच. मी दुसरी वाटी घेतली, तीही खोवली, घरात कोणाला तेवढ्या खोबऱ्याची गरज नव्हती. नवऱ्याने पणजीला बाजारात माझ्या मागून चालताना सांगितलं, हात हलतोय गं तुझा.

कंप मात्र तसाच आहे, अंगठा दमले की किंवा कोणी परकं आलं की सुरू होतो. हे मी पुढच्या भेटीत विचारलं, गोळी हळूपणावर इतकी चालते मग कंपावर का नाही. हळूपणा पुटामेनमधल्या डोपामिनच्या तुटीशी सरळ बांधलेला असतो, कंपात लहान मेंदू आणि थॅलॅमस (मेंदूच्या मध्यावरचा एक भाग) यांचं दुसरंच वर्तुळ गुंतलेलं असतं, म्हणून काही लोकांत कंप औषधाला तेवढा दाद देत नाही. आणि गोळी पेशी वाचवत नाही, गेलेल्यांचं काम भरून काढते, हे त्यांनी पहिल्याच दिवशी स्पष्ट सांगितलं होतं. मला ते स्पष्ट सांगणं आवडलं.

फिजिओ आता वेगळा आहे. खांद्याचा नाही, मोठ्या हालचालींचा. मोठं पाऊल, मोठा हात, मोठा आवाज, मोठं अक्षर. फळ्यावर मी आता आधी दोन आडव्या रेघा आखते आणि त्यांच्यात लिहिते, डोळ्यासमोर रेघ असली की हात तिथपर्यंत पोचतो, नुसतं "मोठं लिही" असं मनाला सांगून पोचत नाही. तालाचंही तसंच. आतला ताल ढिला पडलाय, बाहेरचा मिळाला की पाय उचलतात. २०२४ च्या चवथीला दीर घुमट, म्हणजे मातीचं तालवाद्य, घेऊन बसले, आरती सुरू झाली आणि मी स्वयंपाकघरातून नैवेद्याचं ताट घेऊन त्या ठेक्यावर सरळ मखरापर्यंत आले, एरवी उंबऱ्याशी माझं पाऊल घुटमळतं. मुख्याध्यापकांना सगळं सांगितलंय, मुलांनाही सांगितलं, बाईंचा हात थोडा हळू आहे, अक्षर लहान झालं की ओरडून सांगायचं. ओरडतात. तो मुलगा आता पाचवीला दुसऱ्या शाळेत गेला.

सकाळी उठल्यावर, पहिली गोळी घ्यायच्या आधी, मी पायरीवर बसून उजव्या हाताची चिमूट वीस वेळा उघडते मिटते आणि कितव्याला लहान व्हायला लागली ते वहीत लिहिते, मग गोळी, आणि तासाभराने परत. आधी सातव्या-आठव्याला, नंतर सोळा-सतराव्याला. गेले तीन आठवडे दुपारी दोनच्या सुमारास, पुढची गोळी यायच्या आत, आकडा परत नवावर येतोय. वही पुढच्या बुधवारी बांबोळीला घेऊन जायचीय, झोपेतल्या ओरडण्याचंही विचारायचंय, आणि डाव्या हाताचेही आकडे आता शेजारी लिहायला सुरुवात केलीय.